चेंबरचे अठरा बोल्ट

डोंबिवली पूर्व
मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५
सकाळी १० वाजून २० मिनिटे

ती. सुधीरकाका,

नमस्कार. आत्ता तुमच्या फियाटच्या इंजिनखालचा तेलाचा चेंबर उतरवून डिझेलच्या परातीत भिजत घातला आहे, हात पुसले आहेत आणि पत्र लिहायला बसलो आहे. पोपटमामा म्हणाले, "काकांना फोनवर ऐकू येत नाही, मेसेज ते बघत नाहीत, आणि मुलीला दर वेळी ऑफिसात फोन करायचा म्हणजे बरं नाही. तुझं अक्षर चांगलंय. पत्र टाक एक." मलाही तेच बरं वाटलं. माझी शाळा नववीत सुटली, पण लिहायला मला अडचण येत नाही. बोलताना येते.

गाडी शुक्रवारी टोचन करून आली. इंजिन पूर्ण जाम आहे. चेंबरमध्ये साडेतीन लिटर तेल हवं, ते खोलल्यावर चहाचा कप भरेल एवढं निघालं. तळाला जळलेल्या तेलाचा काळा गाळ आहे आणि त्यात पितळेसारखी चमकणारी भुकटी. ती बेरिंगची आहे. तेल संपल्यावरही इंजिन काही वेळ चालत राहिलं, म्हणून बेरिंग घासली गेली. मामा म्हणतात, क्रँक लेथवर पाठवावी लागेल. ते नेमकं काय ते उद्या-परवा कळवतो.

चेंबरचे बोल्ट अठरा. सर्व मोजून डबीत ठेवले आहेत.

तेल कुठून गेलं, हे अजून सांगता येत नाही. दसऱ्याच्या दिवशी ठाण्याला वल्लरीताईंकडे जाताना गाडी खालून कुठे आपटली होती का? नवीन स्पीडब्रेकर, खड्डा, दगड असं काही? आठवून कळवा.

हेमाकाकूंचा हात कसा आहे? प्लास्टर किती दिवसांचं आहे?

आपला,
सुशांत


घोडबंदर रोड, ठाणे
शनिवार, ११ ऑक्टोबर

चि. सुशांत,

तुझं पत्र काल पोचलं. हेमाचा हात बरा होईपर्यंत आम्ही दोघं मुलीकडे, वल्लरीकडेच राहतोय. तिच्या या इमारतीत खाली चारशे पत्रपेट्या आहेत आणि त्यांत बँकांच्या कागदांखेरीज काही पडत नाही. वॉचमनने हाताने पत्ता लिहिलेलं पाकीट पाहिलं आणि तो स्वतः अठराव्या मजल्यावर घेऊन आला. हातातलं काम सोडून कुणी मला पत्र लिहिलं याला बरीच वर्षं झाली असावीत.

तुझ्या प्रश्नाने डोळे उघडले. मी इतके दिवस गाडीलाच दोष देत होतो. कल्याण-शीळ रस्त्यावर एक नवा स्पीडब्रेकर केलाय, त्याच्यावर पांढरे पट्टेसुद्धा नाहीत. त्यावर गाडीचं पोट घासलं. हेमाने विचारलं, "काय लागलं हो?" मी म्हटलं, "काही नाही, जुनी हाडं आहेत." बस. पुढे कळव्याचा पूल उतरल्यावर तेलाचा लाल दिवा लागला. ऊन होतं, मला वाटलं काच चमकतेय. खरं सांगायचं तर तसं वाटलं नाही, तसं वाटून घेतलं. मागून हॉर्न वाजत होते, वल्लरीकडे पानं वाढायची वेळ झाली होती, मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी होती. म्हटलं, दहा-बारा किलोमीटर तर राहिलेत.

घोडबंदर रोडला लागून तीन-चार किलोमीटर झाले असतील, गाडी जागच्या जागी थबकली. मागची रिक्षा येऊन आदळली. हेमाने हात पुढे टाकला आणि मनगट मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर आहे. उजवा हात.

एकेचाळीस वर्षं मी ही गाडी चालवतोय. कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. अर्ध्या मिलिमीटरची चूक मला दुरून दिसायची. आता हातभर अंतरावरचा लाल दिवा दिसत नाही, किंवा दिसून न दिसल्यासारखं करतो, आणि दुसरं जास्त वाईट. वल्लरी म्हणते, बाबा, स्टिअरिंग बंद. साकेत काही म्हणत नाही, तो जावई आहे.

स्पीडब्रेकरचं आणि दिव्याचं घरात मी कुणाला सांगितलेलं नाही. तूही पोपटशेठना एवढ्यात सांगू नकोस.

तुझा,
सुधीरकाका


डोंबिवली पूर्व
बुधवार, १५ ऑक्टोबर २०२५
दुपारी १ वाजून ४० मिनिटे

ती. सुधीरकाका,

पत्र मिळालं. आत्ता जेवणाच्या सुट्टीत लिहितो आहे. डबा अजून उघडला नाही.

चेंबर स्वच्छ झाला. आधी लाकडी पट्टीने गाळ खरवडला, लोखंडी पट्टी वापरली नाही, ओरखडे पडतात. मग तीन वेळा डिझेलने धुतला, कोपरे दात घासायच्या ब्रशने काढले. कडेला चिकटलेलं पॅकिंग ब्लेडने हळूहळू सोडवलं. तेलाची जाळी वेगळी उकळून घेतली. आता आतून हात फिरवला तर बोटाला काही लागत नाही.

क्रँक लेथवर दिली आहे. सोळा तारखेला मिळेल असं म्हणाले होते, पण दिवाळीमुळे उशीर होईल.

चेंबरला खालून पोचा दिसला नाही. एक बारीक चरा आहे, तो जुना असू शकतो. पोचा नसतानाही धक्क्याने पॅकिंग सरकू शकतं, असं मामा म्हणतात. म्हणजे त्यांनी तुमच्या गाडीबद्दल नाही, असंच सांगितलं.

तुम्ही स्वतःला फार लावून घेऊ नका. लाल दिवा उन्हात खरंच नीट दिसत नाही. गाडी चालवणं सोडायचं लगेच काही ठरवू नका, अशी विनंती आहे. मामांना मी काही सांगितलेलं नाही.

आपला,
सुशांत


घोडबंदर रोड, ठाणे
शनिवार, १८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

चि. सुशांत,

तू मला पाठीशी घालतोयस, ते कळतं. तुझा स्वभाव तसा आहे. पण मी ठरवलं आहे.

तुझं पत्र येण्याआधीच, सोमवारी रात्रीच्या जेवणाला सगळे होते तेव्हा सांगून टाकलं. स्पीडब्रेकर, दिवा, सगळं. हेमा डाव्या हाताने भात कालवत राहिली. वल्लरी म्हणाली, "म्हणजे तुम्हाला दिसलं होतं आणि तुम्ही आईला घेऊन तसेच आलात?" हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्या रात्रीपासून घरात एक नवी व्यवस्था लागली आहे. माझ्या गोळ्या वल्लरी काढून देते. बँकेत साकेत जातो. सकाळचा चहा मी करायचो. परवा गॅस बंद केला की नाही हे पाहायला मी तीनदा स्वयंपाकघरात गेलो, ते तिने पाहिलं, आणि आता चहा बाई आल्यावर होतो. तिची चूक नाही. मलाच वाटतं की जो माणूस बायको शेजारी असताना दिवा पाहून पुढे जातो, त्याच्या हाती काय म्हणून काय द्यावं?

साकेतच्या ओळखीत एकजण लग्नाआधीच्या फोटोंसाठी जुन्या गाड्या भाड्याने देतो. चालत्या स्थितीत गाडी तो घेईल. दहा हजार आगाऊ देऊन गेला. नवरानवरी बॉनेटवर बसतील म्हणे. दिवाळीनंतर गाडी तयार झाली की पोपटशेठना त्याचा नंबर दे. लायसन परत करायचा कागदही साकेत भरून देणार आहे.

या वर्षी घरचा फराळ नाही. हेमाचं प्लास्टर. नाहीतर तुझा चकलीचा डबा गेल्या सहा वर्षांत चुकला नव्हता.

तुझे आभार मानायचे आहेत. तू तो एक प्रश्न विचारला नसतास, तर मी खोटं समाधान घेऊन पुन्हा चाकामागे बसलो असतो, आणि पुढच्या वेळी मनगटावर निभावलं नसतं.

तुझा,
सुधीरकाका


डोंबिवली पूर्व
शुक्रवार, २४ ऑक्टोबर २०२५
सकाळी ६ वाजून ५० मिनिटे

सुधीरकाका,

गॅरेजचं शटर अजून उघडलेलं नाही. बाहेरच्या बाकावर बसून लिहितो आहे. तुमचं पत्र मंगळवारी मिळालं, तेव्हापासून तीन कागद फाडले. हा चौथा. हा फाडणार नाही.

गाडी स्पीडब्रेकरमुळे बिघडली नाही. माझ्यामुळे बिघडली.

३० सप्टेंबरला तुम्ही तेल गळतं म्हणून गाडी दिलीत. मी चेंबर काढला, धुतला, नवीन कॉर्कचं पॅकिंग लावलं. कॉर्कचे बोल्ट एकदम आवळत नाहीत, पॅकिंग बाहेर येतं. पहिली फेरी बोटांनी, मग थांबायचं, मग दुसरी फेरी पान्याने. १ तारखेला सकाळी मी बोटांची फेरी संपवली आणि पान्याने पुढचे सहा आवळले. तेवढ्यात मामांनी हाक मारली, "सुशांत, हत्यारं पाटावर आण. नवमी आहे, गुरुजी यायला लागले." खंडेनवमीला आमच्याकडे सगळे पाने धुऊन पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात, आणि दसऱ्याची आरती होईपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. मी म्हटलं, "मामा, दहाचा पाना दहा मिनिटं ठेवू?" ते म्हणाले, "देवाला काय अर्धा संच दाखवणारेस?" मी दिला.

बारा बोल्ट बोटांचेच राहिले. वाटलं, दसऱ्याची आरती झाली की लगेच आवळू. गाडी तयार दिसावी म्हणून तेलही त्याच दिवशी भरून ठेवलं.

आणखी एक आहे. अपुऱ्या कामाच्या गाडीला मी स्टिअरिंगवर पुठ्ठ्याची पाटी लावतो, "काम बाकी". ती पद्धत मीच पाडली. नवमीला सगळ्या गाड्यांना हार घातले. तुमच्या स्टिअरिंगवर झेंडूचा हार आणि शेजारी "काम बाकी", हे सणाला बरं दिसेना, म्हणून पाटी मीच काढून फळीवर ठेवली.

दसऱ्याला मी आठ चाळीसला पोचलो. तुमची गाडी नव्हती. मामा पेढे वाटत होते. म्हणाले, "काका सातलाच आले. सोनं द्यायला मुलीकडे जायचंय म्हणाले, म्हटलं न्या, गाडी तयार आहे." त्यांना गाडी तयार दिसली, कारण पाटी नव्हती. वल्लरीताईंचा नंबर टेबलामागे भिंतीवर लिहिलेला आहे. मी त्याच्यासमोर उभा होतो. फोन हातात होता. चार गिऱ्हाइकं बसली होती, त्यांच्यासमोर मामांना सांगावं लागलं असतं. मी मनात म्हटलं, बोटांनी लावलेले बोल्टही टिकतात. मग पेढा खाल्ला. अकरा वीसला ताईंचाच फोन आला.

शुक्रवारी गाडी आली तेव्हा चेंबरला तेराच बोल्ट होते. पाच रस्त्यात पडले होते. मामा चहाला गेले तेव्हा मी जुन्या डब्यातून पाच शोधून डबीत टाकले. म्हणून तुम्हाला अठरा लिहिलं.

आणि मग तुम्हाला विचारलं, गाडी कुठे आपटली का. आपल्याकडच्या रस्त्यांवर कुठली गाडी कुठेतरी आपटत नाही? तुम्ही हो म्हणणार, हे मला माहीत होतं.

काल भाऊबीजेला बहीण संचिता आली होती. ओवाळताना म्हणाली, "तोंड का असं केलंयस, मी काय कर्ज मागायला आलेय?" तिला सांगितलं नाही. पण संध्याकाळी मामांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. ते दाराशी काढलेल्या चपलेकडे बघायला लागले. मारतील असं वाटलं. मग म्हणाले, "पूजेला मी हत्यारं मागितली होती रे, अक्कल नव्हती मागितली. तोंड उघडून 'बोल्ट ढिले आहेत' एवढं म्हणाला असतास, तर मी देवासमोरून पाना उचलून दिला असता. देवाला कळतं. मला नाही कळत न सांगता." मग म्हणाले, "आधी काकांना कळव. मग माझ्याकडे ये, कामावर ठेवायचं की नाही ते बघू."

तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. गाडी विकू नका. चहा तुम्हीच करा.

सुशांत


घोडबंदर रोड, ठाणे
मंगळवार, २८ ऑक्टोबर

सुशांत,

सवयीने "चि." लिहायला हात गेला, थांबवला. मला राग आलेला आहे, आणि तो पत्रात लपवण्याएवढा लहान नाही.

बोल्ट राहतात. तीस वर्षं मी कारखान्यात पाहिलं आहे, चांगल्या चांगल्या माणसांचे राहतात. त्याबद्दल मी अर्धा तास रागावलो असतो. पण तू मला प्रश्न विचारला नव्हतास, उत्तर हातात दिलं होतंस. आणि मी ते घेऊन माझ्याच मुलीच्या घरात, तिच्यासमोर स्वतःला अजागळ ठरवलं. तुला ते दर पत्रात दिसत होतं. "लावून घेऊ नका" असं तू लिहिलंस, आणि त्याच्या आधीच्याच ओळीत पोच्याविना पॅकिंग सरकतं असंही लिहिलंस. ते वाक्य मी पुन्हा काढून वाचलं.

आता माझं. लाल दिवा मी पाहिला होता. तो तुझ्यामुळे लागला असला तरी पाहून पुढे जाणारा मी होतो. तेवढं माझं आहे आणि ते मी कुणाला देणार नाही. बेरिंगचे पैसे मी देईन. दिवा लागल्याबरोबर थांबलो असतो तर बेरिंग वाचली असती.

फोटोवाल्याचे दहा हजार परत केले. लायसनचा कागद साकेतने अजून भरला नव्हता. जावयाच्या आळसाचे कधी कधी उपकार होतात. काल मी डोळे तपासून आलो. डाव्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, उजवा स्वच्छ. डॉक्टरांनी दिवसा गाडी चालवायला हरकत घेतली नाही.

तुझं पत्र मी कुणाला दाखवलेलं नाही. ते दाखवून चालणार नाही. रविवारी, २ तारखेला, अकरा वाजता इथे ये आणि हेमासमोर आणि वल्लरीसमोर तोंडाने सांग. मला बोलता येत नाही, असं मला लिहू नकोस.

आणि चेंबर पोपटशेठनी स्वतः बसवायचा. तू हात लावायचा नाहीस.

सुधीर


डोंबिवली पूर्व
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५
संध्याकाळी ५ वाजून १५ मिनिटे

ती. सुधीरकाका,

गाडी आज सुरू झाली. त्याआधी २ तारखेच्या रविवारचं लिहायचं आहे.

मी सांगायला सुरुवात केली तेव्हा तुम्ही कानातलं मशीन काढून टीपॉयवर ठेवलंत आणि गॅलरीत जाऊन बसलात. तुमच्यामागे घरात काय बोलणं झालं, ते तुम्हाला कुणी सांगितलं का, माहीत नाही. तुम्हीच मला बोलावलं होतं, म्हणून ते तुम्हाला माहीत असायला हवं असं मला वाटतं.

मी उभ्यानेच सांगितलं. मध्ये दोनदा अडलो. पाटीचं सांगितलं, फोनचं सांगितलं, पाच बोल्टांचं सांगितलं. वल्लरीताईंनी विचारलं, "माझा नंबर तुझ्यासमोर होता?" मी हो म्हटलं. "किती वेळ?" मी म्हटलं, "पाच मिनिटं असेल." त्या म्हणाल्या, "मी त्या वेळी घरीच होते. फोन हातात होता. बाबांचा फोटो काढायचा म्हणून खाली जायची वाट बघत होते." मग त्या खूप बोलल्या. ते सगळं बरोबर होतं, म्हणून इथे लिहीत नाही. शेवटी म्हणाल्या, "मी त्यांच्या हातातून चहाचं पातेलं काढून घेतलं. लोकांसमोर. बाईसमोर." त्या हे मला सांगत नव्हत्या. हे त्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल, तर मी कळवलं असं म्हणू नका.

हेमाकाकू म्हणाल्या, "खाली बस आधी. उभ्याने किती वेळ बोलशील?" मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "बोल्टाचं नाही रे मला वाटलं. तू सहा वर्षं घरी येतोस, एक फोन करायला तुला गिऱ्हाइकांची लाज वाटली, याचं वाटलं." मी माफी मागितली. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, नाही केलं असंही म्हणाल्या नाहीत. पाणी दिलं. डाव्या हाताने दिलं.

निघताना मी गॅलरीच्या दारात उभा राहिलो. तुम्ही वळला नाहीत. मी थांबलो आणि निघालो.

चेंबर मामांनी बसवला. मी फक्त बॅटरी धरली. त्यांची कंबर धरते, त्यामुळे गाडीखालून ते मला शिव्या देत होते, "उजेड इकडे, इकडे रे, माझ्या डोळ्यात नको." अठरा बोल्ट त्यांनी बोटांनी लावले, रात्रभर ठेवले, आज सकाळी मधून कडेकडे असे आवळले, मग पुन्हा एक फेरी. मी हात लावला नाही. तेल भरून वीस मिनिटं इंजिन चालू ठेवलं, खाली पांढरा कागद अंथरला होता. कागद कोरा राहिला. तेलाच्या दिव्याचा बल्ब नवीन टाकला, आता तो उन्हातही स्पष्ट दिसतो.

मामांनी मला कामावर ठेवलं आहे. जुन्या गाड्यांचं काम मार्चपर्यंत द्यायचं नाही, फक्त स्कूटर. ते ठीक आहे.

गाडी न्यायला तुम्ही याल त्या दिवशी मी सुट्टी घेऊ का, ते मामांना कळवा. तुम्ही म्हणाल तसं करीन.

हिशोब खाली लिहिला आहे.

क्रँक घासणे, लेथ: ७,५०० रु.
बेरिंग संच: ५,८०० रु.
तेल, पॅकिंग, जाळी, बल्ब, किरकोळ: ३,२५० रु.
टोचन, घोडबंदर रोड ते डोंबिवली: ४,००० रु.
एकूण: २०,५५० रु.

मजुरी मामांनी लावली नाही.
बेरिंगचे तुम्ही दिलेले: ५,८०० रु.
टोचनचे मामांनी सोसलेले: ४,००० रु.
माझ्याकडे आलेले: १०,७५० रु.
या महिन्याच्या पगारातून कापलेले: २,००० रु.
माझ्याकडून बाकी: ८,७५० रु.

हेमाकाकूंच्या मनगटाचा दवाखाना, प्लास्टर, औषधं: मी त्या रविवारी दोनदा विचारलं, कुणी आकडा सांगितला नाही. ती जागा कोरी ठेवली आहे.

सुशांत